कळशीचा पोचा

पोरांनो, गेल्या महिन्यापासून मला डाव्या डोळ्याने दाराची चौकट वाकलेली दिसते. ती सरळ दिसण्याची आशा डॉक्टरांनी दाखवली नाही. म्हणून, दिसतंय तोवर लिहून ठेवते. मागे आजोबांच्या चित्राचा फोटो पाठवला होता, त्यात तुम्हाला नुसतं एक अर्धवट भांडं दिसलं असेल.

तुमचे आजोबा बारामतीत चित्रकला शिकवत. घरी मात्र ते वापरातल्याच वस्तू काढायचे. विळी, दांडा सैल झालेला झारा, खुंटीवरची पिशवी. एका वर्षी ते आईंची, म्हणजे तुमच्या पणजीची, पितळी कळशी काढत होते. उजनी धरणाचं पाणी गावावर चढलं तेव्हा जुन्या पळसदेवातून आईंनी ती कडेवर घेऊन आणलेली. तिच्या पोटाला खोल पोचा होता. नवी नवरी असताना त्या भीमेच्या घाटावर घसरल्या, तेव्हाचा. दर रविवारी कळशी खिडकीत, खडूने आखलेल्या वर्तुळात बसायची. चार रविवार नुसता पोचाच चालला होता.

मी शाळेत इंग्रजी शिकवायचे; पोचे आलेली भांडी मला बघवत नसत. दिवाळीआधी पितळ घासायला काढलं, तेव्हा मी कळशी तांबटाकडे नेली, पोचा ठोकून काढला, चिंचेने लखलखीत केली आणि शाबासकीची वाट पाहत बसले.

आईंनी ती कडेवर घेतली आणि लगेच खाली ठेवली. पोचा नेमका त्यांच्या कमरेच्या हाडावर बसायचा, हे मला तेव्हा कळलं.

"ही माझी न्हाय."

"आई, तीच आहे. फक्त नीट केली."

"व्हय गं, विंग्रजी बाई. उद्या माझं त्वांडबी आण नीट करून."

मी हसले. त्या हसल्या नाहीत. दोन दिवस त्यांनी त्या कळशीतलं पाणी घेतलं नाही.

तिसऱ्या दिवशी त्या भांडी घासत असताना आजोबांनी कागद त्यांच्यापुढे धरला. काठ, गळा आणि पोचा, एवढंच झालं होतं. आईंनी बराच वेळ पाहिलं. मग राखेचं बोट पोच्याशी टेकवलं.

"हितं हाय की."

मीही तेव्हाच नीट पाहिलं. कडेला फिकी, तळाशी दाट होत गेलेली सावली. एवढ्या मायेने कुणी खळगा काढलेला मी पाहिला नव्हता.

आजोबांनी चित्र पुढे पुरं केलं नाही. समोर नसलेलं ते काढत नसत.

आता दोघंही नाहीत. कळशी स्वयंपाकघरात आहे, गुळगुळीत. पोचा कागदावर आहे, आणि त्याच्या शेजारी आईंच्या बोटाचा राखेचा डाग.