खडखडणारं दार

वडील गेले त्यानंतर मी देवापुढे दिवा लावणं सोडलं. रागाने सोडलं म्हणावं, तर फार मोठा राग आल्याचंही आठवत नाही. दुबईत माझ्या व्हिसाचं नूतनीकरण चालू होतं, पासपोर्ट कचेरीत अडकला होता, आणि तो हातात पडून मी कुडाळजवळच्या आमच्या गावी पोचलो तेव्हा चौथा दिवस होता. अग्नी चुलतभावाने दिला होता. परत निघताना आईने वडिलांची हत्यारांची पेटी माझ्याबरोबर दिली. ती मी दुबईच्या रास अल खोर भागातल्या माझ्या वर्कशॉपमध्ये विश्वकर्म्याच्या तसबिरीखाली ठेवली आणि त्या दिवसापासून ना तसबिरीपुढे दिवा लावला, ना पेटी उघडली. ज्याच्याकडून चार दिवसांची साधी रजा वेळेवर मंजूर होत नाही, त्याच्याकडे रोज हजेरी कशाला लावायची, असं माझं सरळ म्हणणं होतं.

आम्ही पिढीजात सुतार. वडील अमावास्येला हत्याराला हात लावत नसत. सकाळी करवत, पटाशा, रंधे पुसून, तेल लावून पाटावर मांडायचे, हळदकुंकू वाहायचे आणि दिवसभर ओसरीवर स्वस्थ बसून राहायचे. गिऱ्हाईक दारात येऊन कितीही कटकट करो, त्यांचं उत्तर ठरलेलं असे, "महिन्यातून एक दिवस कळलं पाहिजे, आपल्यावाचून काही अडत नाही." दुबईत सुट्टी शुक्रवारची असते, अमावास्येची नसते. मी आल्या आल्या ती रीत गुंडाळून ठेवली. माझी बायको सुनंदा मात्र गावाहून मागवलेल्या कॅलेंडरात बघून दर महिन्याला, मी जोडे घालत असताना, "अहो, आज अमावास्या आहे" एवढं म्हणायची. मी "बरं" म्हणायचो आणि कामावर जायचो.

१९९६ सालची गोष्ट. अबुधाबीतल्या एका चर्चच्या नव्या मुख्य दाराचं काम माझ्याकडे आलं. दोन उंच सागवानी झडपा, प्रत्येक झडपेच्या चौकटीत आठ फळ्या, अशा एकूण सोळा. तिथले फादर केरळचे. त्यांच्याकडे ईस्टरच्या आधीच्या रविवारची एक जुनी रीत आहे. लोक झावळ्या घेऊन मिरवणुकीने येतात, चर्चचं दार बंद असतं, आणि फादर हातातल्या उंच क्रुसाच्या दांड्याने दारावर ठोठावतात. मग दार उघडतं आणि सगळे आत जातात. त्या देशात रविवार कामाचा, म्हणून हा सोहळा आदल्या शुक्रवारी सकाळी व्हायचा होता. फादरांनी मला एवढंच सांगितलं होतं की त्या दिवशी दार हवं, बाकी कसलीही घाई नाही. मी शब्द दिला होता.

आखातात लाकूडकाम करणाऱ्यांना एक वाईट खोड लागते. तपासणीला येणारा इंजिनीअर दारावर टिचकी मारतो आणि चौकटीतली फळी जराशी जरी खडखडली तरी दार नापास करतो. म्हणून आम्ही सगळे फळ्या चौकटीच्या खाचेत सरस भरून पक्क्या बसवायचो, वर आतून बारीक खिळेही मारायचो. या दाराचंही मी तेच केलं. दार फेब्रुवारीअखेर बसवलं. मग चर्चमध्ये नव्या एसीची चाचणी सुरू झाली. रिकाम्या हॉलमध्ये दिवसरात्र कोरडी गार हवा सोडली होती. सागवान आक्रसायला लागलं, पण त्याला हलायला जागा नव्हती. मार्चच्या मध्याला फादरांचा फोन आला. जाऊन बघतो तर सोळातल्या अकरा फळ्या उभ्या तडकलेल्या, काही तर आरपार, त्यातून पलीकडचा उजेड दिसत होता.

दोन्ही झडपा उतरवून पिकअपमध्ये घालून मी परत आणल्या. फादरांनी झडपा चढवायला स्वतः हात लावला, आणि तेच मला जास्त लागलं. परतीच्या रस्त्यात मी मनाशी ठरवलं की हे दार वेळेवर नीट उभं राहिलं नाही, तर खऱ्या लाकडाला पुन्हा हात लावायचा नाही. प्लायवुडची स्वयंपाकघरं करून पोट भरायचं आणि सुतार म्हणवून घेणं बंद करायचं. हे मी नाटकीपणाने म्हणत नाही. वडिलांच्या पेटीकडे बघणंसुद्धा मला नको झालं होतं.

त्या सोमवारी संध्याकाळी घरी आलो तर मुलगी केतकी इतिहासाच्या परीक्षेची तयारी करत होती. ती तेव्हा आठवीत. पुस्तक माझ्या हातात देऊन म्हणाली, प्रश्न विचारा. धडा मध्ययुगातल्या युरोपचा होता, चर्च आणि कारागिरांचे संघ. मी विचारत गेलो आणि ती इंग्रजीत घडाघडा सांगत गेली. प्रत्येक धंद्याचा आपापला संघ असे, सुतारांचा, विणकरांचा, पाव भाजणाऱ्यांचा. प्रत्येक संघाचा एक संत, चर्चमध्ये त्याची वेदी आणि तिच्यापुढे त्या धंद्याच्या लोकांनी सांभाळलेली मेणबत्ती. काम सुरू होई आणि संपे ते चर्चच्या घंटेवर. संतांच्या सणाला काम बंद. संघाचे वडीलधारे माल तपासत, आणि खोटं काम सापडलं तर ते सगळ्यांसमोर मोडून टाकत. हे ऐकून मी पुस्तक मिटलं. तिला वाटलं तिचं उत्तर चुकलं. मी विचारलं, सणाला कोणी काम करताना सापडला तर? ती म्हणाली, दंड, आणि दंड बहुतेक वेळा मेणात भरायचा, चर्चच्या मेणबत्त्यांसाठी. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "पपा, इट्स लाइक आजोबाज अमावास्या. सेम थिंग." मी तिला पुढचा प्रश्न विचारला.

दुसऱ्या दिवशी मंगळवार. मी जोडे घालत होतो आणि सुनंदा म्हणाली, "अहो, आज अमावास्या आहे." त्या दिवशी मी नुसतं बरं न म्हणता तिच्यावर खेकसलो. दहा दिवस राहिलेत, मला अमावास्या सांगू नकोस, असं काहीतरी बोललो. ती आत निघून गेली. वर्कशॉपला पोचलो, दोन्ही झडपा कामाच्या लाकडी घोड्यांवर आडव्या टाकल्या, आणि तडे सरसात लाकडाचा भुसा कालवून भरून टाकावेत की काय या विचाराने डबा उघडला. खरं सांगायचं तर मी लबाडीच करायला निघालो होतो. वरून पॉलिश मारलं असतं तर सोहळ्याच्या शुक्रवारपर्यंत कोणाला कळलं नसतं.

तेवढ्यात दारात एक गोरा म्हातारा उभा राहिला. पंचाहत्तरीचा असेल, हातात काठी. काठीच्या टोकाचं रबर निघालं होतं, ते बसवून मिळेल अशा दुकानाचं नाव त्याने टॅक्सीवाल्याला सांगितलं होतं आणि टॅक्सीवाल्याने चुकीच्या गल्लीत सोडलं होतं. आमचा फोरमन अस्लम हिंदीत म्हणाला, बाबाजी, गलत जगह आ गये. म्हाताऱ्याने ते ऐकलंच नाही. तो सरळ घोड्यांवरच्या झडपांपाशी आला, वाकला, तड्यावरून अंगठा फिरवला आणि हसला. मला त्या हसण्याचा राग आला. मग त्याने मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं की तो जर्मनीतला, मुलाकडे महिनाभर राहायला आलाय, आणि पन्नास वर्षं सुतारकाम केलंय, बरीचशी जुन्या चर्चमधल्या लाकडाच्या दुरुस्तीची.

त्याच्या गावातल्या चर्चचं दार पाचशे वर्षांचं आहे, तो म्हणाला. त्यातल्या फळ्यांना सरसाचा थेंब नाही, खिळा नाही. नुसत्या खाचेत उभ्या आहेत. उन्हाळ्यात रुंद होतात, थंडीत बारीक होतात, आणि चौकट त्यांना काही बोलत नाही. "यू होल्ड टू टाइट, मास्टर," तो मला म्हणाला. "फ्रेम इज युवर वर्क. पॅनेल, लीव्ह इट फ्री."

यात मला माहीत नव्हतं असं काहीच नव्हतं, आणि लाज वाटण्यासारखी गोष्ट तीच. आमच्या गावच्या घराचं दार वडिलांनी असंच केलं होतं. वारा सुटला की त्याच्या फळ्या हलक्या खडखडायच्या. लहानपणी मी विचारलं होतं की दार ढिलं का ठेवलंय, तेव्हा त्यांनी फळीच्या कडेची फट दाखवून सांगितलं होतं, एवढी जागा त्याची आहे, आपली नाही. ते सगळं मी इथल्या इंजिनीअरांच्या टिचकीला घाबरून विसरलो होतो.

मी म्हाताऱ्याला स्टूल दिलं, चहा मागवला. फळ्या काढायच्या कशा हे त्याने पेन्सिलने लाकडाच्या एका तुकड्यावर काढून दाखवलं. मागच्या बाजूने खाचेची कड कापून टाकायची, जुन्या फळ्या सोडवायच्या, नव्या मोकळ्या बसवायच्या आणि मागून एक बारीक पट्टी ठोकायची, पण ती चौकटीला, फळीला नाही. मी लगेच करवत उचलली. त्याने काठी आडवी धरली. आज नाही, म्हणाला, आज १९ मार्च. आज संत जोसेफचा दिवस, येशूला वाढवणारा जोसेफ, सुतार. त्याच्या वडिलांनी, त्यांच्या वडिलांनी या दिवशी हत्यार उचललं नाही. आणि मग अगदी गंभीरपणे म्हणाला की जुन्या काळी त्याच्या गावात आज कोणी काम करताना सापडला तर त्याला शेरभर मेणाचा दंड असे.

माझ्या हातातली करवत तशीच राहिली. काल मुलीने सांगितलेलं, सकाळी बायकोने सांगितलेलं आणि आता या परक्या माणसाने सांगितलेलं, तिन्ही एकाच दिवसावर येऊन थांबली होती. याला काय म्हणायचं हे मी आजही ठरवलेलं नाही. तो कोणी देवदूत नव्हता. त्याला रक्तदाबाच्या गोळ्या होत्या, चहात त्याने चार चमचे साखर घातली, आणि दुपारी त्याची सून गाडी घेऊन त्याला शोधत आली तेव्हा तिने त्याला चांगलंच झापलं. पण चूक टॅक्सीवाल्याची होती, एवढं सांगून मला ते प्रकरण मिटवता येत नाही.

मी अस्लमला सांगितलं, आज काम बंद. तो म्हणाला, "उस्ताद, दस दिन हैं." मी म्हटलं, हां, कल से नौ. मग मी वडिलांची पेटी उघडली. दोन वर्षांत पटाशांवर गंजाचे ठिपके आले होते. एकेक हत्यार पुसलं, तेल लावलं आणि सागवानाच्या एका फळीवर तसबिरीपुढे मांडलं. कुंकवाची डबी तिथेच होती, सुकून खडा झालेली. समईत नवी वात घालून दिवा लावला तेव्हा मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. वडिलांच्या चितेपाशी जे करायचं राहिलं होतं, ते थोडंसं तरी त्या भुशात बसून झालं. म्हातारा सगळं बघत होता. त्याने खिशातून आपली घडीची लाकडी मोजपट्टी काढली, माझ्याकडे बघून विचारल्यासारखं केलं आणि ती वडिलांच्या रंध्याशेजारी ठेवली.

दुसऱ्या दिवशी पाडवा. घरी गुढी उभारली, सुनंदाची माफी मागितली आणि कामाला लागलो. म्हातारा आणखी दोनदा आला, स्टुलावर बसून लक्ष ठेवायला. सोळाच्या सोळा फळ्या मी काढल्या. ज्या पाच तडकल्या नव्हत्या त्यांनाही सोडलं नाही. जुन्या फळ्या अस्लमच्या आणि सगळ्या कारागिरांच्या समोर मी कुऱ्हाडीने फोडल्या. नव्या फळ्यांच्या कडा वडिलांच्या रंध्याने उतरवल्या आणि प्रत्येक कडेला तांदळाच्या दाण्याएवढी जागा सोडली. दार पुढच्या आठवड्यात गुरुवारी दुपारी अबुधाबीत परत उभं राहिलं. फादरांना मी सगळं खरं सांगितलं, भुसा भरून फसवायला निघालो होतो हेसुद्धा. सोबत एक किलो मेणबत्त्या नेल्या होत्या. त्यांनी कशाबद्दल म्हणून विचारलं. मी म्हटलं, दंड आहे.

शुक्रवारी सकाळी आम्ही तिघंही गेलो. म्हातारा बुधवारीच आपल्या गावी परत गेला होता. आवारात झावळ्या घेतलेली गर्दी होती, मल्याळी, गोवेकर, फिलिपिनो, आणि मागे कुंपणाशी आम्ही. दार बंद होतं. ज्या टिचकीला मी इतकी वर्षं भीत आलो, ती आता एवढ्या लोकांसमोर दांड्याने पडणार होती. गाणं थांबलं. फादर पुढे झाले आणि त्यांनी क्रुसाच्या दांड्याने दारावर ठोठावलं, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा.

सोळाही फळ्या आपापल्या जागेत खडखडल्या. केतकीने माझ्याकडे बघितलं, तिला वाटलं काहीतरी ढिलं राहिलंय. मला मात्र आमच्या गावच्या ओसरीवर बसलेले वडील दिसले. मग दार उघडलं आणि लोक आत जाऊ लागले. तेव्हापासून आजवर मी एकही अमावास्या मोडलेली नाही. त्या दिवशी हत्यारं पुसतो, दिवा लावतो आणि काहीही न करता बसून राहतो. चौकट माझी, ती मी जीव लावून करतो. आतली जागा त्याची आहे.