बंद केलेली चाचणी

चिडलोय मी, आणि सगळ्यात आधी स्वतःवर.

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी कॉम्प्युटर सांभाळतो. घरी बसून, हौसेनं, फुकट आणखी एक काम करतो. जगभरातल्या लोकांनी लिहिलेल्या लायब्ररी, म्हणजे प्रोग्रॅमला लागणारे तयार भाग, घ्यायचे आणि लिनक्सवर नीट बसतील असं त्यांचं पॅकेज बांधायचं. बांधताना त्या लायब्ररीच्या चाचण्या चालवतात. एखादी नापास झाली की आम्हा पॅकेजवाल्यांची एक घाणेरडी सवय आहे. ती चाचणी बंद करणारी एक ओळ टाकायची, शेजारी 'नंतर बघू' लिहायचं आणि पुढं जायचं. ते नंतर कधीच उजाडत नाही.

तक्ते वाचणाऱ्या एका लायब्ररीचं मी असंच केलं. बाकी सगळ्या चाचण्या पास, एकच नापास. तक्त्यात रिकामं घर आलं की पुढचे आकडे मागं सरकत होते. म्हटलं, रिकामं घर सोडतंय कोण? लॅबच्या मशीनचे तक्ते वाचून रिपोर्ट काढायला तेच पॅकेज फाउंड्रीतही चढवलं.

आमच्या भट्टीवरचे मिस्त्री, सगळे त्यांना मामा म्हणतात, लोखंड ओतण्याआधी नमुन्याचा तुकडा फोडून आतला रंग बघतात. त्या सकाळी तुकडा पांढरा निघाला.

"सिलिकॉन कमी हाय. ओतू नका," मामा म्हणाले.

पण लॅबच्या मशीननं एक घर रिकामं सोडलं होतं. सिलिकॉनच्या जागी भलताच आकडा बसला आणि रिपोर्ट ओके आला. मॅनेजरनं ओतायला लावलं. दुसऱ्या दिवशी बघतो तर सगळा माल तडकलेला. तोच मॅनेजर मग सगळ्या शिफ्टसमोर मामांवर ओरडला, "डोळं गेलं, आता डोस्कं बी गेलं व्हय? भट्टीत काय टाकलंसा?" मामांना भट्टीवरून काढून ओतीव मालाच्या कडा घासायला लावलं.

दुपारी मी फाइल तपासल्या आणि माझीच ओळ सापडली. तळपायाची आग मस्तकात गेली. चाचणी चालू केली, दुरुस्ती जोडली, नवं पॅकेज चढवलं. मग केबिनमध्ये जाऊन मॅनेजरला सगळं सांगितलं.

"आता कशाला उकरतोस?" तो म्हणाला. "मिस्त्रीची चूक म्हणून गिऱ्हाइकाला कळवलंय. कॉम्प्युटर चुकला म्हटलं तर जुनं रिपोर्ट सगळं परत तपासाय लागतील की."

दोन ठेवून द्याव्यात असं वाटलं. दिल्या नाहीत. बाहेर आलो.

संध्याकाळी उचगावात मामांच्या घरी गेलो आणि त्या ओळीसकट सगळं सांगितलं.

"म्हंजे मी बरोबर हुतो," ते म्हणाले.

"व्हय, मामा."

"मग हे शिफ्टसमोर का न्हाय बोललास?"

मॅनेजरला सांगताना केबिनचं दार मी स्वतःच लावून घेतलं होतं.