टाळ्या मीच वाजवायला लावल्या

त्याला ‘मारा’ असं मीच म्हणालो होतो.

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं आमच्या अध्यक्षांनी, त्याच्या वकिलानं आणि माझ्या सासऱ्यानंसुद्धा मला हेच ऐकवलं. तूच म्हणालास ना मारा? व्हय, मीच म्हणालो. भर गटात, हसत हसत, छातीवर हात ठेवून. त्यानं मारलं. खालचा ओठ दातावर फाटला. मी सतरंजीवर आडवा झालो. बरगडीत लाथ बसली, मग आणखी एक. मग मी उठून बसलो, तोंडातलं रक्त गिळलं आणि गटाला म्हणालो, “वा. टाळ्या.”

आणि टाळ्या पडल्या.

माझं काम काय ते सांगितल्याशिवाय हा मूर्खपणा कळायचा नाही. धाराशिवला एका संस्थेत मी गट चालवतो. चालवत होतो. पहिल्याच गुन्ह्यात सापडलेली काही माणसं कोर्ट जेलात घालत नाही, चांगल्या वागणुकीच्या बाँडवर सोडतं. ती दर शनिवारी आमच्या हॉलवर यायची. गोल बसायचं. आपण काय केलं ते आपल्या तोंडानं सांगायचं. ज्याला इजा झाली त्याच्या जागी जाऊन बघायचं. गट नीट पार पाडला तर सुटका. नाही पाडला तर प्रकरण परत कोर्टापुढं, आणि मग जेल. बायको शेजारणीला सांगायची, आमचे हे गुन्हेगारांना गोल बसवतात आणि त्याचा पगार घेतात. तिनं सांगितलंय त्यात खोटं काही नाही.

पुण्याला शिबिराला पाठवलं होतं मला. चार्टपेपर, स्केचपेन, दुपारी गुलाबजाम. गट चालवणाऱ्यानं गटापेक्षा वर बसायचं नाही, असं तिथं शिकवलं. मला हे फार सोपं गेलं. वर बसायची सवयच नव्हती.

संग्रामदादा मात्र वर बसायचा. अणदूरकडचा, ऊस आणि द्राक्षबागा असलेल्या घरातला. नळदुर्गजवळ हायवेच्या ढाब्यावर रोटी उशिरा आली म्हणून त्यानं तंदूरमधली सळई उपसून वाढप्याच्या हातावर घातली होती. हाड मोडलं, वर कातडी भाजली. वाढपी पंक्चरवाल्याचा पोरगा. त्याचं नाव संग्रामदादाला शेवटपर्यंत आठवलं नाही. “किरकोळ मॅटर आहे,” म्हणायचा. सगळे सतरंजीवर, हा खिडकीच्या कट्ट्यावर, पाय लोंबकळत सोडून. गुडघा दुखतो म्हणाला. मी मान्य केलं. मला हाक मारायचा, “ए सर.” मी दर वेळी ओ द्यायचो.

गटात एक खेळ असतो, अदलाबदल. ज्यानं मारलं त्यानं मार खाणाऱ्याची जागा घ्यायची. रफिक नळदुर्गचा, काळीपिवळी चालवणारा. त्यानं ज्या म्हाताऱ्याला उडवलं होतं त्या म्हाताऱ्याचं काम केलं आणि मधेच रडायला लागला. सुभामावशी हातभट्टीच्या गुन्ह्यात सापडलेली. तिनं एका दारुड्याच्या बायकोचं काम केलं. मग संग्रामदादाची पाळी.

“मी वाढपी व्हणार न्हाय,” तो कट्ट्यावरूनच म्हणाला. “ते काम दुसऱ्या कुणाला तरी द्या.”

शहाण्या माणसानं खेळ तिथंच थांबवला असता. मला अक्कल पाजळायची हौस. म्हटलं, ठीक आहे, वाढपी मी होतो, तुम्ही तुम्हीच व्हा. रोटी उशिरा आलीय असं समजा आणि त्या दिवशी केलं ते करून दाखवा. मारा. अंगाला हात लावायचा नसतो, नुसता उगारायचा असतो, हा नियम मी गटाला सांगितला होता. पहिल्या शनिवारी. पहिल्या शनिवारी संग्रामदादा आलाच नव्हता.

मी स्टीलची ताटली तळहातावर घेतली, तिच्यात रोटी म्हणून वर्तमानपत्राची घडी ठेवली आणि वाढप्यासारखी कंबर हलवत निघालो. गट हसला. मला बरं वाटलं. संग्रामदादा कट्ट्यावरून उतरला. गुडघ्याला काही झालेलं नव्हतं.

पहिल्या थपडेला ताटली उडाली आणि फरशीवर घुमत राहिली. दुसरी थप्पड कानशिलात. मग त्यानं माझे केस धरले, मान खाली दाबली आणि बोलला. आवाज चढवला नाही. रोजचं बोलावं तसं बोलला.

“हलगी बडवणाऱ्याच्या, मला गोल बसवतोस? तुझा बाप तेरला आमच्या सोयऱ्याच्या दारात चपला काखेत मारून यायचा.”

त्यानं केस सोडले. माझ्या पाठीमागं हॉलचं दार होतं. सताड उघडं. बाहेर रस्ता, चहाची टपरी, येणारी-जाणारी माणसं. दोन पावलं मागं सरलो असतो तर बाहेर होतो.

मी हसलो.

हे हे करून हसलो. त्या हसण्यावर बुक्की आली, ओठ फाटला, मी पडलो, लाथा बसल्या. त्यानंतर टाळ्या. रफिक उठवायला आला, खूश होऊन म्हणाला, “क्या गिरे सर, एकदम असली.” सुभामावशीनं टाळी वाजवली नाही. तंबाखू मळत ती माझ्याकडं बघत होती. संग्रामदादा परत कट्ट्यावर जाऊन बसला आणि मी गटाला विचारलं, यातून आपण काय शिकलो? असं विचारायचं असतं. शिबिरात शिकवलंय.

घरी गेल्यावर बायकोला सांगितलं, बाथरूममध्ये घसरलो. ती म्हणाली, आपल्या बाथरूममध्ये घसरायला जागा कुठं आहे? मी चूळ भरली. लाल पाणी. परत भरली. आणि बेसिनवरच्या आरशात हसून बघितलं, मगाशी हसलो होतो तसंच. ते हसू माझं नव्हतं. ओळखीचं होतं.

आम्ही तेरचे, मातंग. बाप हलगी वाजवायचा. लग्नाच्या वरातीत मी त्याच्याबरोबर असायचो. गवत पेटवून हलगी शेकायचं काम माझं. एकदा वरात शाळेजवळ आली आणि बाप पाणी प्यायला थांबला. एवढंच. नवरदेवाचा मामा चवताळला. बापाच्या हातातली काठी ओढून घेतली, त्याला शाळेच्या भिंतीला टेकवला आणि मारायला लागला. बोटांवर, मनगटावर, मग कानावर. कानावर बसली तेव्हा आवाज हलगीसारखाच आला. मागं भिंत, पुढं वरातीची माणसं. बाप हसत होता. हे हे. कानातून रक्त गळ्यापर्यंत आलं तरी हसत होता. मग त्याला काठी परत दिली आणि त्यानं वाजवली. मी जाळ धरून होतो. घरी आईला म्हणाला, “मालकांनी चेष्टा केली गं.” त्या कानानं त्याला परत कधी ऐकू आलं नाही.

त्या हसण्याचा मी जन्मभर राग केला. त्या हसण्यापासून लांब जायचं म्हणून शिकलो. समाजकार्याची पदवी घेतली, इस्त्रीचा शर्ट घातला, तेर सोडलं. आणि धाराशिवात, पंख्याखाली, उघड्या दाराशी उभा राहून तेच हसलो. बापानं नुसता मार खाल्ला होता. मी वर टाळ्या मागितल्या.

सोमवारी अध्यक्षांकडं गेलो. ते तुळजापूरच्या शिक्षकांच्या घराण्यातले, शब्द तोलून बोलणारे. मी झालेलं सांगितलं. त्यांनी शांतपणे विचारलं, “मारा असं तूच म्हणालास ना?” म्हटलं, हो. मग म्हणाले, आपल्या कामात मीपणा गाळावा लागतो. येत्या शनिवारी परिवीक्षा अधिकारी मॅडम येणार होत्या. बाँडवर सुटलेल्यांवर कोर्टातर्फे लक्ष ठेवणाऱ्या त्या. गटासमोर त्या मला एकेकाविषयी विचारणार होत्या. संग्रामविषयी चांगलं बोल, अध्यक्ष म्हणाले. त्याच्या वडिलांनी नव्या हॉलसाठी जागा द्यायचं कबूल केलंय. मी उठलो तर दारापर्यंत सोडायला आले आणि पाठीवर हात ठेवून म्हणाले, “तुझ्यासारख्यांना आपण इथवर आणलं, हे विसरू नकोस.”

बरगडीवरची लाथ दुखत होती. हा हात जाळत गेला.

शनिवारी मॅडम आल्या. सतरंजीवरच बसल्या, गोलात. अध्यक्षांना खुर्ची. संग्रामदादा कट्ट्यावर. मी आठवडाभर भाषण पाठ केलं होतं. त्यात सत्तासंबंध होते, प्रक्रिया होती, मानवी प्रतिष्ठा तर दोनदा होती. रफिकविषयी सांगून झालं, मावशीविषयी सांगून झालं, आणि संग्रामदादाचं नाव आलं तसं भाषण साफ पुसलं गेलं. तोंडातून एवढंच निघालं.

“मॅडम, मागच्या शनिवारी यांनी मला मारलं.”

संग्रामदादा हसला. “नाटक होतं मॅडम. सरच मारा म्हणाले. टाळ्यापण त्यांनीच वाजवायला लावल्या. विचारा की कुणालाही.”

मॅडमनी गोलावरून नजर फिरवली. सगळे सतरंजीकडं बघत होते. अध्यक्ष घसा साफ करत होते. साक्षीदार सगळे माझेच, आणि त्यांच्याकडून टाळ्या वाजवून घेऊन मीच ते त्याला देऊन टाकले होते. इतका कामाचा गाढव त्याला शोधून सापडला नसता. तोंडावर हसू यायला लागलं. ओठाची टोकं वर जायला लागलेली मला कळत होती. मी फाटक्या ओठावर दात रोवले. दुखलं. हसू थांबलं.

“मारा मी म्हणालो,” मी म्हणालो. “टाळ्या मी मागितल्या. पण मी त्या दिवशी वाढपी झालो होतो. वाढप्याचा बाप पंक्चर काढतो. हलगी माझा बाप वाजवायचा. मारताना हे कुणाचा बाप काढत होते, ते गटाला विचारा.”

मग मीच बोललो. वरात सांगितली, शाळेची भिंत सांगितली, कान सांगितला, बापाचं हसू सांगितलं, माझं सांगितलं. इतकी वर्षं लोकांना म्हणत होतो, आपल्या तोंडानं सांगा, हलकं वाटतं. हलकं वाटत नाही. गळ्यातून काटेरी तार ओढल्यासारखं वाटतं.

रफिकनं मान वर केली. “हलगी बोले थे मॅडम. वो नाटक में नहीं था.”

संग्रामदादा कट्ट्यावरून उतरला. हात वर होता. मॅडम समोर आहेत, अध्यक्ष समोर आहेत, त्याला कुणीच दिसत नव्हतं. हात खाली यायच्या आत मी मनगट धरलं. धरलं आणि पिरगळलं. त्याचं कडं मांसात रुतलं, दातातून श्वास ओढल्याचा आवाज आला. खरं सांगतो, मला ते हाड मोडायचं होतं. वाढप्याचं मोडलं तिथंच, कोपराच्या खाली. मोडल्याचा आवाज ऐकायचा होता. मॅडम म्हणाल्या, सोडा. मी सोडलं नाही.

“खाली बस,” मी त्याला म्हणालो. “गटात सगळे खाली बसतात.”

तो बसला. त्याच्यात बदल वगैरे काही झाला नव्हता. मनगट पिरगळलं होतं म्हणून बसला. सतरंजीवर बसला तेव्हा मी सोडलं.

पुढचं थोडक्यात. मॅडमनी झालेलं सगळं कोर्टाला कळवलं. मी फिर्याद दिली. त्यानंही माझ्यावर दिली, मनगट दुखावलं म्हणून. नोकरी सोमवारी गेली. आता मीही आरोपी. शिक्षा झालीच तर पहिला गुन्हा म्हणून मलाही बाँडवर सोडतील आणि कुठल्या तरी हॉलमध्ये गोल बसवतील. बसेन. खालीच बसेन, सवय आहे.

अध्यक्षांचा निरोप आला, दोघांनी केस मागं घ्या, हात मिळवा, झालं गेलं विसरा. सासरा म्हणाला, मिळव. मी नाही म्हणालो. हात मिळवणार नाही. केस मागं घेणार नाही. पिंजऱ्यात उभा राहीन, वकील विचारेल तूच मारा म्हणालास का, मी हो म्हणेन. टाळ्या? हो. आणि मग तो मला काय म्हणाला ते शब्दन्‌शब्द सांगेन, माझ्या बापाच्या हलगीसकट, बहिऱ्या माणसालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. सांगताना हसणार नाही. हसलोच तर पिंजऱ्यातून खाली ओढा मला.

परवा तारखेला गेलो तर कोर्टाच्या आवारात लिंबाखाली सुभामावशी बसलेली. तिचंही काही काम होतं. मी शेजारी जाऊन बसलो. कौतुक ऐकायची फार इच्छा झाली होती. नोकरी गेल्यापासून कुणी केलं नव्हतं. म्हटलं, मावशी, कसं काय धरलं मनगट?

तिनं तंबाखूची पिंक टाकली, पदरानं तोंड पुसलं.

“मनगटाचं ऱ्हाऊ द्या, मास्तर. तुमच्या बापाच्या मागं भिताड हुतं, म्हणून त्यो हसला. तुमच्या मागं दार हुतं. तुमी कशाला हसला?”