बाभळीवरची काळी चिंधी

मी नानासो. एस.टी.त अठ्ठावीस वर्सं कंडक्टरकी केली. तोंडाचा फटकळ, हे माझी बायकूबी सांगंल. गाडीत चढताना कुणी रेंगाळलं की त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचो. आमचा ड्रायव्हर लालासाहेब म्हणायचा, "गाडीला हॉर्न नसला तरी चालंल, नानासो हाय." असल्या माझ्या तोंडाला कुलूप घातलं ते एका धनगराच्या पोरानं. अर्जुना त्याचं नाव.

साल शहात्तर असंल. आमची गाडी कुंडलच्या फुडं दोन गावं सोडून मुक्कामाला असायची. सकाळी तिथनं निघून तासगाववरनं सांगली, दुपारी एक खेप, आन संध्याकाळची परत मुक्कामाला. दिवाळी झाली आन ह्यो गडी गाडीत दिसाय लागला. खांद्यावर घोंगडं, पिशवीत वह्या, अंगाला मेंढरांचा वास. सांगलीच्या कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्साला हुता. पासावर गाव कुंडल, आन हात करायचा आज ह्या बांधावरनं, परवा त्या वड्यावरनं.

मी एकदा तडकलोच. "आरं, गाव कुठलं तुझं?"

"कंच्या दिवसाचं इचारताय, मास्तर?"

सगळी गाडी खदाखदा हसली. मला वाटलं, हे माझी चेष्टा करतंय. पर त्यात काय चेष्टा न्हवती. पावसाळ्यात त्यांचं घर जतकडं असायचं, आन दिवाळीनंतर घरच चालाय लागायचं. दोनशे मेंढरं, दोन घोडी, आई-बा आन सगळा संसार. कुणाच्या रानात दोन दिवस मेंढरं बसवायची, लेंड्यांचं खत झालं की शेतकरी धान्य द्यायचा, की तळ हलला फुडच्या रानात. त्यामुळं सकाळी एका तळावरनं निघालेलं पोरगं संध्याकाळी दुसऱ्याच तळावर जायचं.

"मग सांगलीत खोली का घेत न्हाईस?" मी इचारलं.

"बाचा शब्द हाय, मास्तर. थोरला भाऊ हमालीला म्हणून सांगलीत गेला आन तिकडंच ऱ्हायला. कवा फिरकला न्हाई. म्हणून बा म्हणतो, शीक किती शिकायचं ते, पर दिस मावळायच्या आत तळावर दिसलं पायजेस. एक दिस चुकला की कॉलेज बंद."

असला करार. तरी गड्यानं अडीच वर्सं एकबी दिस चुकवला न्हवता.

संध्याकाळी डाव्या खिडकीला बसायचा. वाचता वाचता मधीच बाहेर बघायचा आन एकदम वरडायचा, "मास्तर, थांबवा!" ना थांबा, ना गाव. मी बेल मारायचो आन त्याच्या नावानं शंख करायचो. पर ह्याला चालत्या गाडीतनं आपलं घर गावतंय कसं, ते मी कवा इचारलंच न्हाई. नुसता वरडायचो. इचारलं असतं तर फुडचं काय झालं नसतं.

मार्चचा म्हयना. आठवड्याखाली पलूसच्या अलीकडं एका वळणावर आमचा टायर फुटला हुता, त्याचं माझ्या डोक्यात बसलं हुतं. दुपारच्या खेपंला लालासाहेबानं त्याच वळणावर रेडिएटरमधी पाणी घालाय गाडी थांबवली. बघतो तर बाभळीच्या फांदीला काळी चिंधी, नवीकोरी गाठ मारलेली. मी पायरीवरनं खाली उतरलो. कुणीतरी करणी केलीया!

"नानासो, हात लावू नकोस," लालासाहेब म्हणाला. त्यानं लांबनंच हात जोडलं.

पर मी ऐकतोय व्हय? काठीनं चिंधी वडली, काडी लावली, राखंवर थुकलो. लय मोठं काम केल्यागत गाडीत येऊन बसलो.

त्या संध्याकाळी अर्जुना खिडकीला नाक लावून बसला हुता, पर "थांबवा" काय म्हणाला न्हाई. शेवटच्या गावापतूर आला. उतरला तसा आल्या वाटंनं झपाझप माघारी चालाय लागला. मी मागनं टोमणा मारला, "काय रं, आज घर हारवलं काय?" त्यानं वळूनबी बघितलं न्हाई.

दुसऱ्या दिवशी गाडीला न्हाई. तिसऱ्या दिवशी न्हाई. माझं मलाच चुकल्यागत व्हायला लागलं. चौथ्या दिवशी सकाळी रस्त्याच्या कडंला मेंढरं दिसली आन मधी ह्यो, हातात पुस्तक. मी गाडी थांबवून खाली उडी मारली.

"कॉलेज सोडलंस व्हय रं?"

"सुटलं, मास्तर. आई जिथं तळ पडंल तिथं बाभळीला घोंगड्याची चिंधी बांधती, तीच माझी खूण. त्या दिशी दिसलीच न्हाई. सगळी रानं हुडकत पाटंला पोचलो. आई शपथ घिऊन सांगती, बांधली हुती. बा म्हणतो, बांधली हुती तर गेली कुठं? पोरालाच सांगलीचं वारं लागलंय."

मी जाळली ती हीच चिंधी! करणी कसली, पोराचं घरच जाळलं हुतं मी. अर्जुना मातूर शांत हुता.

"परीक्षेला मी जाणार, मास्तर," पुस्तक मिटत त्यो म्हणाला. "अजून सतरा दिस हायत. बाचा शब्द मोडणार न्हाई आन परीक्षाबी सोडणार न्हाई. मेंढरं रोज थोडी थोडी सांगलीच्या अंगाला चारत न्हेतोय. बाला वाटतंय चाऱ्यामागं चाललोय. परीक्षेपतूर सांगलीच्या शिवंला तळ पडतोय बघा."

गाडीतली माणसं बोंबलाय लागली म्हणून मी चढलो. पर दिसभर तिकिटं चुकीची फाडली. दोनशे मेंढरं घिऊन परीक्षेला निघालेलं पोरगं मी उभ्या जल्मात बघितलं न्हवतं.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकली आन तळावर गेलो. गुंडा, अर्जुनाचा बा, कोकराच्या पायातला काटा काढत बसला हुता. दगडाबाई, अर्जुनाची आई, चुलीम्होरं, आन अर्जुना मेंढरांपाशी. मी उभ्यानंच सांगून टाकलं. "पाव्हणं, चिंधी मी जाळली. करणी वाटली मला. तुमच्या पोराचा आन बाईचा काय गुन्हा न्हाई."

दगडाबाई भाकरी तव्यात तशीच सोडून नवऱ्याकडं वळली. "ऐकलंसा? पाच दिस मला खोटी पाडलंसा!" आन पदरात तोंड घालून ढसाढसा रडली.

गुंडाचं हात चालूच हुतं. काटा काढला, कोकरू सोडलं, हात झाडलं. मला वाटलं, आता काठी बसती पाठीत. "पोरगं चुकलं न्हवतं तर," त्यो म्हणाला. "मीच चुकलो." मग अर्जुनाकडं न बघताच म्हणाला, "उद्याच्याला जा कॉलेजला. आन मेंढरं सांगलीकडं वळवायची बंद कर. मला काय दिशा कळत न्हाईत व्हय?"

मग माझ्याकडं वळला. "मास्तर, तुमाला दंड हाय. आजपस्नं खूण तुमी बघायची. पोराला वाचू द्या."

त्या दिवसापस्नं डाव्या खिडकीला मी उभा. तिकिटं फाडायची आन बाभळी बघायच्या. चिंधी दिसली की मीच वरडायचो, "अर्जुना, ऊठ, तुझं घर आलं!" परीक्षा झाली, वळवाच्या आधी तळ जतकडं गेला. निकालाचं काय कळायला मार्ग न्हवता, आन जीव टांगणीला लागलेला.

दिवाळीनंतर एका दुपारी त्याच वळणावर बाभळीला काळी चिंधी दिसली. सवयीनं हात दोरीवर गेला. गाडी थांबली. उतरणारं कुणीच न्हाई, म्हणून माणसं मलाच शिव्या द्यायला लागली. तवर बाभळीखालनं दगडाबाई उठली. हातात झाकलेली डेचकी.

"आवं बाई, अर्जुना कुठाय?"

"पास झाला न्हवं! जतकडं हायस्कुलात मास्तर हाय. शनवारच्या शनवार येतो, दिस मावळायच्या आत."

"आज तर मंगळवार. मग ही चिंधी कुणासाठी बांधली?"

"तुमच्यासाठी. सोताच्या घोंगड्याची फाडून ह्यांनी दिली, म्हणालं, गाडीचं मास्तर बघून थांबतील. आमच्याकडं पेढं कुठलं? शेळीचा खरवस हाय, धरा."

मी डेचकी धरली. इतकी वर्सं ज्या तोंडानं अख्खा रस्ता दणाणून सोडला, त्या तोंडातनं एक शब्द फुटंना. लालासाहेबानं दोनदा हॉर्न दिला, तरी मी बेल मारली न्हाई.