मेयरच्या झग्याची कड

एकविसावं शतक लागलं त्या सुमारास आमचे हे इंग्लंडात नॉटिंगहॅमजवळच्या आमच्या गावाचे मेयर झाले. प्रत्येक मेयरने समारंभात घालायचा टाउन हॉलमधला जुना लाल झगा यांच्या पायांत घोळत होता. तो बेताचा करायला एक म्हातारी इंग्लिश बाई आली. टाचण्या ओठांत धरूनच बोलायची. मी म्हटलं, "सरळ कापा ना."

तिने टाचण्या काढून माझ्याकडे असं पाहिलं, की मी ओशाळले. "कापायचा नाही. पुढचा मेयर उंच असला तर?" मग कड उलटून तिने जुन्या टाक्यांच्या भोकांच्या ओळी दाखवल्या. एकेक ओळ एकेका मेयरची. एकीवर बोट ठेवून म्हणाली, "हा खाणकामगार होता. तुमच्या मिस्टरांना याचंच माप बसतंय."

त्याच भोकांतून तिने सुई घातली.

समारंभात सगळे यांच्या गळ्यातली मेयरपदाची सोन्याची साखळी बघत होते. मी झग्याची कड बघत होते.