‘या विषयावर यापूर्वी संशोधन झालेले नाही’

लातूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी मराठी शिकवते. या शहरात बाहेरगावची मुलं येतात ती डॉक्टर-इंजिनिअर व्हायला. मराठीच्या तासाला त्यांच्या बाकाखाली फिजिक्सची प्रश्नपत्रिका असते. मला त्याचं कधी फार वाईट वाटलं नाही. पण चाळिशी जवळ आली तसं आपणही एखादी गोष्ट नीट धरून अभ्यासावी असं वाटायला लागलं, आणि मी नांदेडला पीएच.डी.साठी नाव घातलं. विषय मनात आधीपासून होता : देगलूरच्या बाजारातली बोली.

देगलूर माझं माहेर. तिथून तेलंगणही जवळ, कर्नाटकही जवळ. माझ्या वडिलांचं, अप्पांचं, तिथं कापडाचं दुकान आहे. शाळा सुटली की मी गल्ल्याशेजारी जाऊन बसायचे. गिऱ्हाईक ‘एंत?’ म्हणालं की अप्पा तेलुगूत भाव सांगायचे, ‘एष्टु?’ म्हणालं की कन्नडमध्ये, आणि ‘कित्ते कू दिये?’ म्हणणाऱ्याशी दखनीत घासाघीस करायचे. तिन्हींचा अर्थ एकच, केवढ्याला. कधी एकाच वाक्यात तीन भाषा यायच्या आणि कुणाचं काही अडायचं नाही. सगळीकडची दुकानं अशीच चालतात असं मला वाटायचं. लातूरला शिकायला आले तेव्हा कळलं की तसं नाही.

संशोधनाचा आराखडा मी उन्हाळ्याच्या सुट्टीत लिहून काढला. पहिल्याच पानावर ‘या विषयावर यापूर्वी संशोधन झालेले नाही’ हे वाक्य होतं. सगळ्यांच्या आराखड्यात असतं, म्हणून माझ्याही होतं. माझे मार्गदर्शक अर्धापूरचे. घरी केळीची बाग, बोलणं मोजकं. त्यांनी पूर्ण आराखडा वाचला आणि फक्त त्या एका वाक्यावर बोट ठेवलं.

“हे कशावरून लिहिलंत, मॅडम?”

“मला कुठं काही सापडलं नाही, सर.”

“कुठं पाहिलंत?”

“नेटवर.”

“नेटवर म्हणजे कुठं?”

त्यांनी कागद माझ्याकडे सरकवले. “आधी ग्रंथालयात जा. ऑनलाइन संदर्भ कसे शोधायचे ते तिथल्या मॅडमकडून शिकून घ्या. मग हे वाक्य ठेवायचं की काढायचं ते तुम्हीच ठरवा.”

ग्रंथपाल मॅडम नांदेडच्या जुन्या वस्तीतल्या. त्यांच्या घराण्याचं पिढ्यान्‌पिढ्या अत्तराचं दुकान, भाऊ अजून ते चालवतात. घरात ग्रंथालयशास्त्र शिकलेल्या त्या एकट्याच. त्यांनी मला एका संगणकापुढं बसवलं आणि म्हणाल्या, “शोधा. मी फक्त बघते.”

मी शोधचौकटीत टाइप केलं, ‘देगलूरच्या बाजारात कोणकोणत्या भाषा बोलल्या जातात’. उत्तर आलं, काही आढळले नाही. वाक्य थोडं फिरवून पुन्हा टाकलं. पुन्हा तेच.

“तुम्ही सवालच टाकून राहिल्या, मॅडम,” त्या म्हणाल्या. “ह्याला सवाल कळत न्हाई. ह्याला शब्द कळतात. तेही ज्यानं नोंद केली त्याचे शब्द, तुमचे न्हाई.”

मग त्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या. माझा विषय त्यांनी बाजूलाच ठेवला आणि आधी एक ऑनलाइन ज्ञानकोश उघडून दिला. सीमाभागातल्या भाषांवरचा त्यातला लेख पूर्ण वाचायला लावला. मला ते वेळ घालवणं वाटत होतं, कारण त्यातलं बरंचसं मी वर्गात शिकवलेलं होतं. पण लेखाच्या शेवटी संदर्भांची यादी होती, आणि लेखात तज्ज्ञांचे शब्द होते. मी ज्याला ‘मिसळलेलं बोलणं’ म्हणत होते त्याला तिथं भाषासंपर्क म्हणत होते, द्वैभाषिकता म्हणत होते. ते शब्द मी कागदाच्या एका बाजूला मराठीत आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजीत लिहून काढले.

त्या शब्दांनी देशविदेशातल्या प्रबंधांचा साठा चाळायला घेतला तेव्हा इतके प्रबंध पुढं आले की बघायची इच्छाच होईना. त्यात आफ्रिकेतली बंदरं होती, युरोपातली गावं होती. देगलूर जोडलं की यादी एकदम रिकामी. मराठीतून शोधलं तर आणखी वेगळी अडचण. जुने मराठी प्रबंध म्हणजे नुसती पानांची छायाचित्रं, त्यातला मजकूर संगणकाला वाचता येत नाही. वाचता येतं ते फक्त शीर्षक, आणि ते ज्यानं नोंदवलं त्यानं आपल्याला सुचेल तशा इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं.

“देगलूरचं स्पेलिंग बदलून बघा,” मॅडम म्हणाल्या. “आमच्या नांदेडचंच लोक कितीतरी तऱ्हेनं लिहितात.”

मी दोन ओ घालून पाहिले, एक यू घालून पाहिला. मग एलच्या आधी एक ए घातला, तेलुगू माणूस उच्चारेल तसा. एक नोंद आली.

तेलंगणातल्या एका विद्यापीठाच्या भाषाविज्ञान विभागातला तो प्रबंध होता. एका बाईंनी इंग्रजीत लिहिलेला. विषय, देगलूरच्या आठवडी बाजारातला भाषासंपर्क. मी ज्या दिशेनं बघत होते तिकडून तो दिसणं शक्य नव्हतं. काम झालं होतं ते सीमेच्या पलीकडून, तेलुगूच्या बाजूनं.

मॅडमनी पडद्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. “पानी पिऊन घ्या,” एवढंच म्हणाल्या. मी प्यायले. त्या दिवशी सारांश तेवढा वाचला आणि अहमदपूरमार्गे लातूरला परत आले. बसमध्ये दुसऱ्या विषयांचा विचार करून पाहिला. एकही सुचला नाही.

विद्यापीठाचं लॉगिन मिळाल्यावर पुढच्या आठवड्यात, स्टाफरूममध्ये बसून, मी पूर्ण प्रबंध उघडला. काम चोख होतं. शेवटी, ज्यांचं बोलणं नोंदवलं त्या माणसांचा तक्ता होता. नावं नव्हती. वय, धंदा, मातृभाषा आणि नमुन्याची वाक्यं होती. एका कापड दुकानदारापुढं रोमन अक्षरांत, उच्चाराच्या खुणांसकट, एक वाक्य छापलं होतं : ‘तीस्को अम्मा, रंग गेला तर माझ्या तोंडावर आणून मार.’ तीस्को म्हणजे घे. सुरुवात तेलुगूत, शेवट मराठीत. आमच्या दुकानात हे वाक्य मी माझ्या जन्मापासून ऐकत आले होते. देगलूरमध्ये दुसरं कुणी असं बोलत असेल असं मला वाटत नाही.

पुढचा तास संपल्यावर मी अप्पांना फोन लावला.

“अप्पा, आपल्या दुकानात कोणी बाई येऊन बोलणं टेप करून न्यायची का?”

“हाव. आली व्हती एक. लई बाजार बसली. तू तवा लातूरला होस्टेलला व्हतीस.”

“मला कधी सांगितलं नाही तुम्ही.”

“त्यात काय सांगायचं? तुझी माय तिला जेवाय घालायची.” मग त्यांनी विचारलं, “का गं? काही गडबड हाय का?”

“नाही. माझा विषय तिनं आधीच केलाय.”

“मग आता तू काय करून राहिलीस?”

मी काही म्हणायच्या आत त्यांनी दुकानात गिऱ्हाईक आहे म्हणून फोन ठेवला.

त्या बाईंचे नंतरचे लेख मी विद्यापीठाच्या त्याच लॉगिनवरून शोधले. एका लेखाखाली ईमेलचा पत्ता होता. त्यावर लिहिलं, मी त्या कापड दुकानदाराची मुलगी, मला तुमच्याशी बोलायचं आहे. उत्तर येईल अशी काही खात्री नव्हती. आलं, सोबत फोन नंबर आला. त्या निवृत्त होऊन हैदराबादला राहत होत्या.

“बोला अम्मा,” त्या म्हणाल्या. मराठी त्यांना येत होतं, पण ते देगलूरच्या बाजारात शिकलेलं. विद्यापीठातल्या प्राध्यापक बाई ‘हाव’ आणि ‘न्हाई’ म्हणताना ऐकून मला नवल वाटलं. त्यांनी अप्पांची चौकशी केली, मग आईची. आई जाऊन बरीच वर्षं झाली, मी सांगितलं.

त्या म्हणाल्या, “त्यांच्या हातची भाकर लई खाल्ली मी. त्या दारात उभं राहून भाजीवालीशी बोलायच्या. भाजीवाली तेलुगूत, त्या मराठीत, आणि दोघी हसायच्या. मी आत जेवत बसलेली असायची. त्यातली एक ओळ मी लिहून घेतली न्हाई.”

“का?”

“बाजार म्हंजे दुकान, असं मला वाटायचं. दुकानात बसणारे सारे पुरुष. तक्ता बघा तुम्ही, एक बाई न्हाई त्यात. माझ्या परीक्षकानं पण विचारलं न्हाई.”

मी तक्ता पुन्हा उघडला. खरंच एक बाई नव्हती. पहिल्यांदा वाचताना ते माझ्याही ध्यानात आलं नव्हतं. मला त्यात फक्त अप्पा दिसले होते.

“तुम्ही बायांचं करा,” त्या म्हणाल्या. “माझ्या टेपा पाहिजे तर पाठवते. वाजतात का ते मात्र ठाऊक न्हाई.”

पुढचे दोन महिने मी पुन्हा शोधत राहिले. आता शब्द माझे मीच निवडत होते. भाजी विकणाऱ्या बाया, आठवडी बाजार, सीमाभाग, बोली. जुन्या हैदराबाद राज्याचं नाव घालूनही पाहिलं. बायांच्या व्यापारावर अर्थशास्त्राच्या लोकांनी लिहिलं होतं, त्यांच्या भाषेवर जवळजवळ काही नव्हतं. कुठं, कधी, कोणते शब्द टाकून शोधलं त्याची टिपणं ठेवली आणि ती सरांना दाखवली. त्यांनी ती शांतपणे पाहिली आणि आराखडा समितीपुढं न्यायला हरकत नाही म्हणाले. पहिल्या पानावरचं वाक्य मी बदललं होतं. तिथं आता लिहिलं होतं की या बाजाराच्या भाषेवर एक महत्त्वाचा प्रबंध झाला आहे, त्यात स्त्रियांचं बोलणं नाही, आणि प्रस्तुत संशोधन तिथून सुरू होतं.

समितीतल्या एका सदस्यांनी विचारलं, “भाजीवाल्या बायांच्या बोलण्यात असं काय वेगळं असणार?”

“अजून माहीत नाही,” मी म्हणाले. कुणीतरी हसलं. शीर्षकातला एक शब्द बदलायला सांगून त्यांनी आराखडा मंजूर केला.

दिवाळीनंतर मी उदगीरवरून देगलूरला गेले आणि बाजाराच्या दिवशी भाजीच्या ओळीत जाऊन बसले. शेजारची बाई सीमेपलीकडच्या खेड्यातून वांगी आणि शेपू घेऊन आलेली. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“काय लिहून राहिलीस गं?”

“तुम्ही बोलता ते.”

“मी काय बोलले अजून?” ती म्हणाली, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळली.

दुपारपर्यंत तिचं माझ्याशी आणखी दोन-चार वाक्यं बोलणं झालं. गिऱ्हाइकांशी मात्र ती सारखी बोलत होती, कधी तेलुगूत, कधी मराठीत, आणि फोन सगळं टिपून घेत होता. घरी येऊन ऐकलं तर समोरच्या चादरवाल्याचा भोंगा तेवढा स्पष्ट ऐकू येत होता. ‘या बसा, बघा, घेऊन जा’ तासन्‌तास. तिच्या बोलण्यातले जेमतेम आकडे कळत होते.

पुढच्या बाजारी मी तिच्या दुसऱ्या बाजूला बसले, भोंग्याकडं पाठ करून.