टीचरच्या पेटीवरचं गाव

अन्याय झाला तो आमच्या शेजारच्या गणिताच्या टीचरवर, १९९१च्या उन्हाळ्यात. इराकी फौजा कुवेतमधून हटल्या आणि तिला शाळेतून काढलं. तिच्या नवऱ्याचा इकामा, म्हणजे राहायचा परवाना, वाढवून देईनात. गुन्हा काय? पॅलेस्टिनी असणं. त्यांच्या पुढाऱ्यांनी इराकची बाजू घेतली, भोगलं हिने. आक्रमणाच्या महिन्यांत बाबा कुवेतमध्ये, आमच्या हवल्ली भागातच अडकले होते. त्यांच्यासाठी खुब्जच्या, म्हणजे रोटीच्या रांगेत हीच बाई उभी राहायची. ते कुणी विचारलं?

आणि जाणार कुठे? दोघांचा जन्म गाझाचा, हातात इजिप्तचं प्रवासपत्र, आणि इजिप्तच आत घेईना. थोडी मुदत, पुन्हा थोडी मुदत, असं करत दोघं राहिली.

मग त्र्याण्णवच्या सप्टेंबरात इस्रायली आणि पॅलेस्टिनी नेत्यांचा करार झाला, टीव्हीवर ते हस्तांदोलन झालं. आम्ही सगळे तिच्या खोलीत दाटीवाटीने बसलो होतो. आई शिऱ्याची कढईच घेऊन आली.

"चला, मिटलं एकदाचं!" बाबा म्हणाले.

"ते मिटेल सावकाश. शिरा गार होतोय," आई म्हणाली.

टीचर हसतही होती आणि डोळेही पुसत होती. पुढच्या शुक्रवारी बाबांनी रिग्गईहून ओळखीच्या सुतारकाकांना बोलावलं, कुडाळकडचे. त्यांनी सामानासाठी मोठी पेटी ठोकली, रंगात ब्रश बुडवला आणि बाबांना विचारलं, "साहेबांनू, पत्तो काय घालू?"

बाबांनी तिला इंग्रजीत विचारलं.

"गाझा," ती म्हणाली. "मोठ्या अक्षरांत."

इस्रायलची परवानगी आलीच नाही. सदुसष्टच्या युद्धात ती कैरोत शिकत होती. युद्धानंतर इस्रायलने गाझात हजर असलेल्यांची नोंदणी केली, त्यात तिचं नाव नाही. नाव नाही म्हणून राहायचा हक्क नाही. करारात अशा लोकांचं काय? ते पुढच्या बोलण्यांवर ढकललेलं. मी तेव्हा आठवीत होते. तो राग अजून गेलेला नाही.

शेवटी नवऱ्याला लिबियात नोकरी मिळाली. सुतारकाका पुन्हा आले, रंधा घेऊन. "टीचर, नाव जाईल, पण फळी पातळ होईल," ते हिंदीत म्हणाले.

"होऊ दे. काचेचं सामान काढून घेते," ती म्हणाली. बरण्या आईला दिल्या.

पंचाण्णव साली लिबियाच्या सरकारने पॅलेस्टिन्यांना हाकललं. शांतता झाली ना, मग जा घरी! माणसं सीमेवर वाळवंटात तंबू ठोकून पडली. टीचर त्यांत होती का, कळलं नाही. तिची पत्रं थांबली ती थांबलीच.

आता आमच्या मराठी मंडळात शांततेच्या नव्या आराखड्यावर चर्चा झडतात. परवा मी एका काकांना विचारलं, "यात टीचर कुठे राहणार?"

"अगं, इतक्या तपशिलात शिरलीस तर करारच व्हायचा नाही!"

तपशील? अहो, माणूस आहे ती! तेल अवीवमध्ये बसने गेलेलं पोर धड परत येईल का म्हणून खिडकीत उभी राहणारी आईही माणूसच आहे. तिची भीती खरी आहे. पण टीचरला बाहेर ठेवून ती भीती संपेल, असं मला वाटत नाही. असा तह टिकेल, असंही वाटत नाही.

तुम्ही हे कुवेतमध्ये वाचत असाल नाहीतर पुण्यात. पुढच्या वेळी समोर कुणी शांततेवर बोलायला लागलं, की उठून विचारा: हाकललेल्यांना घरी जाता येणार का? हो की नाही, एवढंच उत्तर मागा. ते मिळेपर्यंत खाली बसू नका.